हत्तीचा डोळा

वल्लीच्या बोरनहाणाच्या दिवशी वाटव्यांच्या घरातल्या राखणीचा दिवा सकाळपासून हिरवा होता. संध्याकाळी मूल पाणीही गिळेना, तेव्हाही तो हिरवाच होता.

राखण म्हणजे दिवाणखान्याच्या छताला बसवलेली ताटलीएवढी पांढरी चकती. मिरजेतल्या त्या सोसायटीत लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात ती होती. खेळण्यांचा नवा कायदा आल्यापासून बाहुलीचा डोळा, गाडीचं चाक, खुळखुळ्यातला मणी, जे जे म्हणून सुटू शकतं त्या प्रत्येक भागात कारखान्यातच मोहरीहून लहान एक कण बसवला जाई. कणाला स्वतःची वीज नव्हती. चकतीने रेडिओलहर सोडली की तिच्याच ऊर्जेवर तो जागा होई, आपला क्रमांक सांगे आणि परत गप्प बसे. घरात असे तीन-चारशे कण असले तरी चकती सेकंदाला कितीतरी वेळा सगळ्यांची हजेरी घेई.

खरी युक्ती पुढे होती. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. कण तोंडात गेला की त्याचं उत्तर क्षीण होई. घशाखाली उतरला की आणखी क्षीण आणि एका ठराविक तऱ्हेने विस्कटलेलं. ते विस्कटणं चकती ओळखे. दिवा लाल होई, जवळच्या इस्पितळाला संदेश जाई, आणि मूल पोचायच्या आत तिथली माणसं हातमोजे घालून उभी राहत. या यंत्राने किती मुलं वाचवली याचे आकडे दरवर्षी जाहीर होत, आणि ते खरे होते.

यंत्र आणखी एक गोष्ट टिपून ठेवी. प्रत्येकाच्या तळहाताची विद्युतभार धरण्याची क्षमता किंचित निराळी असते. कणाजवळ हात आला की त्याच्या उत्तरात तेवढा फरक पडे, आणि तो हात घरातल्या कोणाचा हे चकतीला कळे. म्हणून प्रत्येक खेळण्यासमोर एक नाव असे: शेवटचा हात. मुलाने काही गिळलं तर ती वस्तू त्याच्या पुढ्यात कोणी टाकली, यावरून घराघरांत होणारी भांडणं यामुळे मिटतील, असं कंपनीचं म्हणणं होतं.

वाटव्यांच्या घरात ती मिटली होती. रेल्वेतून निवृत्त झालेले अण्णा पूर्वी नातीचं प्रत्येक खेळणं तिच्या हाती देण्याआधी त्याचे डोळे, कान, चाकं ओढून बघत. राखण बसल्यावर एकदा एका गाडीचं चाक निखळलं आणि पडद्यावर त्यांचं नाव झळकलं. काही झालं नव्हतं. ओजसने, त्यांच्या मुलाने, नुसतं "अण्णा, जरा जपून" एवढं म्हटलं होतं. त्या दिवसापासून अण्णा खेळणी पंच्याने उचलू लागले. पंच्याची घडी मध्ये असली की चकतीला हात ओळखू येत नसे. सून शाल्मली त्यावरून त्यांची थट्टा करी. घरात चोरी करताय की काय, असं विचारी. अण्णा म्हणत, "बोटांचे ठसे राहायला नकोत, बाई."

शाल्मलीही बदलली होती. ती हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत असे. वल्ली रांगायला लागली तेव्हा रोज सकाळी ती गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहात फरशीवरून फिरवी; टाचणी, मणी, शेंगेचं टरफल, काय लागेल ते वेचून घेई. राखण आल्यावर तिने ते सोडलं. सकाळचा तेवढा वेळ तिला मिळाला, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही.

बोरनहाणाची तयारी मात्र सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून केली. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे, एवढाच हा समारंभ. ओजसने बियांची बोरं बाद केली, शेंगदाणे आणि हरभरे बाद केले, गोळ्या बाद केल्या. उरले चुरमुरे, मोठी बिस्किटं आणि बोराच्या फोडी. शेजारच्या बायका म्हणाल्या, हे बोरनहाण आहे की दवाखान्यातलं जेवण.

दागिने ओजसच्या थोरल्या बहिणीने आणले. मैत्रेयीताई सांगलीत हलव्याचे दागिने करून भाड्याने देई. तिचं काम नावाजलेलं होतं. काटेरी पांढऱ्या हलव्याचा मुकुट, बाजूबंद, बासरी, आणि हारात साखरेची पाच फुलं. या वर्षी तिने प्रत्येक फुलाच्या पोटात एक लहानसा दिवा घातला होता. काळ्या झबल्यावर ती पाच फुलं लुकलुकू लागली तेव्हा सगळ्यांनी फोन वर धरले. वल्लीने हार तोंडात घातला. त्यात वावगं काहीच नव्हतं. हलव्याचे दागिने चाटले नाहीत असं मूल अजून जन्मायचं आहे. चुरमुऱ्यांचा वर्षाव झाला, पोरं तुटून पडली, वल्ली आधी घाबरली, मग हसली. ओजसने वर बघितलं. दिवा हिरवा होता.

ताईला लगेच विश्रामबागेत दुसऱ्या बोरनहाणाला जायचं होतं. तिने दागिने डब्यात भरले, भाचीचा पापा घेतला आणि ती गेली. पाहुणे पांगले. शाल्मलीने वल्लीला वरणभात भरवायला घेतला.

पहिला घास वल्लीने बाहेर ढकलला. दुसराही. पाण्याची वाटी तोंडाला लावली तर घोट आत गेला आणि लाळेसकट परत आला. मूल रडलं नाही. ते मान जरा पुढे काढून बसलं आणि त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत राहिली.

शाल्मलीने तोंडात बोट फिरवून बघितलं. काही नव्हतं. तिने ओजसला हाक मारली. ओजस आला, त्याने मुलीकडे बघितलं आणि मग छताकडे.

"सगळी हजेरी पूर्ण आहे," तो म्हणाला. "गोड खाऊन घसा धरला असेल."

"लाळ बघ तिची."

"दात येताहेत, शाल्मली."

ओजसचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. दाढा खरोखरच येत होत्या. गेल्या वर्षभरात शाल्मलीने दोनदा रात्री त्याला उठवून इस्पितळ गाठलं होतं, आणि दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं. हे त्याने आत्ता बोलून दाखवलं नाही, पण तिला ते ऐकू आलं. अण्णा दाराशी उभे राहून नातीकडे बघत होते. ते म्हणाले, "मानेला हात लावू देत नाहीये ती."

शाल्मलीने मैत्रेयीताईला फोन लावला. मागे पोरांचा गलका होता. शाल्मलीने एकच विचारलं, हार नीट आहे ना. ताई जरा दुखावली. म्हणाली, सगळं मेणाने बंद केलंय, मी काय आज करतेय का हे काम. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक फूल पेटत नाहीये फक्त. तुमच्याकडे ओलं झालं असणार. चाटत होती ना ती."

"त्या फुलाच्या आत काय असतं, ताई?"

"दिवा. आणि त्याचा चपटा सेल."

"फूल फोडून बघा."

"शाल्मली, इथे मूल पाटावर बसलंय. अंगावर हार आहे त्याच्या."

"मग तो काढा."

ताईने फोन ठेवला.

चपट्या सेलबद्दल शाल्मलीला माहीत होतं ते शाळेत झालेल्या एका व्याख्यानातून. सेल गिळला म्हणजे विषबाधा होते असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात सेल फुटावाही लागत नाही. तो अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून त्याची दोन्ही टोकं जोडली जातात आणि वीज वाहू लागते. त्या विजेने ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, कपड्यांच्या सोड्यासारखी पण कितीतरी जहाल, आणि ती मांस भाजत जाते. दोन तास पुरतात. बाहेरून मूल फक्त लाळ गाळतं.

राखणीला यातलं काही दिसत नव्हतं. ती कण मोजत होती, आणि कण खेळण्यांत असतात. हलव्याचा हार कायद्याच्या लेखी खेळणं नव्हता. तो खाऊ होता.

तिने इस्पितळात फोन लावला. पलीकडच्या परिचारिकेने घराचा क्रमांक विचारला, क्षणभर थांबली आणि म्हणाली की तुमचा अहवाल हिरवा आहे. शाल्मलीने हाराचं सांगितलं. परिचारिका उद्धट नव्हती. तिने समजावून सांगितलं की पूर्वी आईबापांच्या शंकेवरून दिवसाला तीस-तीस मुलांचे एक्स-रे निघत, त्यातल्या बहुतेकांत काही नसे, आणि कोवळ्या शरीरांवर तो मारा बरा नाही म्हणून आता नियम आहे. लाल अहवाल असेल तर थेट एक्स-रे. हिरवा असेल तर आधी चार तास निरीक्षण, मग डॉक्टर ठरवतात.

"त्या चार तासांत तिचा घसा जळेल," शाल्मली म्हणाली.

"ताई, मला इथे दोनच पर्याय दिसतात. तुम्ही घेऊन या, मी डॉक्टरांच्या कानावर घालते. पण रांग मला बदलता येत नाही."

ओजस गाडीची किल्ली घेऊन आला होता. जाऊन बसू, ते बघतील, असं तो म्हणत होता. त्याचा आवाज आता आधीइतका ठाम नव्हता, पण नजर अजून वर जात होती. शाल्मली त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि थांबली.

कोपऱ्यात वल्लीचा कापडी हत्ती पडला होता. तिने तो उचलला, एका हाताने त्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने डोळा ओढला. डोळा निघेना. तिने दातांनी दोरा तोडला. छतावरचा दिवा पिवळा झाला आणि राखणीचा बाईचा आवाज आला: सुटा भाग, हत्तीचा डावा डोळा, शेवटचा हात शाल्मली.

"काय करतेयस तू?" ओजस म्हणाला.

चकतीला कण कुठे आहे ते वीतभर अंतरापर्यंत कळतं, हे तिने माहितीपुस्तिकेत वाचलं होतं. त्याहून जवळ असलेली दोन शरीरं तिला वेगळी करता येत नाहीत. शाल्मलीने मुलीला उचलून छातीशी घट्ट धरलं, हृदयाला हृदय लागेल इतकं, आणि वाटाण्याएवढा तो काळा डोळा स्वतःच्या तोंडात टाकला. तो कोरडा होता. पहिल्या प्रयत्नाला घशात अडला. तिने पुन्हा गिळलं.

ओजसला काय झालं ते कळायला दोन श्वास लागले. तो म्हणाला, "हे नोंदलं जाईल. तुझ्या नावावर. कायमचं."

"जाऊ दे."

दिवा लाल झाला.

अण्णांनी दार उघडून धरलं होतं. खाली उतरेपर्यंत इस्पितळाचा संदेश आला: अंतर्ग्रहण निश्चित, थेट आत या. ओजसने गाडी कशी चालवली ते नंतर त्याला आठवत नव्हतं. मागच्या सीटवर शाल्मली वल्लीला बसती धरून तिची लाळ टिपत होती. लाळेत एक गुलाबी धागा दिसला. ओजसला आरशात तिचा चेहरा दिसला आणि त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

इस्पितळाचं दार उघडंच होतं. डॉक्टर नौशीन मुल्ला यांच्या हातात राखणीचा अहवाल होता: आठ मिलीमीटर, प्लास्टिक, हत्तीचा डोळा. प्लास्टिक एक्स-रेत धड दिसत नाही, पण कणाचा ठिपका दिसतो, तो छातीच्या भागात शोधा, असं त्या तंत्रज्ञाला सांगत होत्या. शाल्मलीला बाहेर थांबवलं. काचेतून तिला पडदा दिसत होता.

पडद्यावर वल्लीच्या बरगड्या आल्या, माशाच्या काट्यांसारख्या बारीक. त्यांच्यावर, गळ्याच्या खाली, एक पांढरी शुभ्र वर्तुळाकार चकती होती. नाण्याएवढी. नाण्याला कडेची रेघ एकच असते. हिला दोन होत्या, एकात एक.

डॉक्टर मुल्ला खुर्चीतून उठल्या. त्यांनी दुर्बिणीची तयारी करायला सांगितलं, भूलतज्ज्ञांना बोलावलं, तोवर मुलाला मध चाटवत राहा म्हणाल्या. मधाने त्या अल्कलीचा जोर थोडा तरी मोडतो. ही सगळी वाक्यं त्यांनी एका दमात आणि एकाच पट्टीत म्हटली. मग दार ढकलून त्या बाहेर आल्या.

"हा सेल आहे," त्या म्हणाल्या. "अहवालात तो नाही. आणि अहवालात जे आहे, तो डोळा, तो तिच्यात कुठेच नाही."

"तो माझ्यात आहे," शाल्मली म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. पुन्हा आत गेल्या.

ओजस भिंतीला टेकून उभा होता. त्याने फोन काढला आणि बहिणीला लावला. तिने उचलल्यावर तिला बोलू न देता तो म्हणाला, "ताई, त्या मुलाच्या अंगावरचे दागिने उतरव. आत्ता, माझ्यासमोर फोनवर. प्रत्येक फूल मोज." पलीकडे बराच वेळ आवाज येत राहिले: खुर्ची सरकल्याचा, कोणाच्या तरी रागाचा, मग साखर फुटल्याचा. शेवटी ताई रडताना ऐकू आली. हारातली चार फुलं भरलेली होती. पाचवं पोकळ होतं. मेण चाटून चाटून मऊ पडलं होतं.

सेल निघाला. अन्ननलिकेच्या एका बाजूला जखम होती, भोक नव्हतं. नाकातून नळी घालून वल्लीला काही दिवस दूध द्यावं लागलं, आणि पुढचे काही आठवडे दर थोड्या दिवसांनी तिला तपासणीला न्यावं लागलं.

वल्ली घरी आल्यावर बालसुरक्षा कक्षाची एक अधिकारी बाई आली. तिने चहा घेतला, चकतीची नोंद उतरवली आणि स्वच्छ शब्दांत परिस्थिती सांगितली. मुलाने डोळा गिळला होता आणि मग तो ओकारीतून बाहेर पडला असं म्हटलं, तर ती आईची हलगर्जी ठरेल. वर्षभर भेटी होतील, मग नोंद बंद. खोटा लाल संदेश दिला असं म्हटलं, तर त्या घराच्या लाल संदेशाला यापुढे तपासल्याशिवाय अग्रक्रम मिळणार नाही. वल्ली पाच वर्षांची होईपर्यंत.

ओजसने बायकोकडे बघितलं. पहिलं सांग, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ताईचंही त्यात भलं होतं. ती त्या दिवसापासून या घरी आली नव्हती.

शाल्मलीने दुसरं सांगितलं. हाराचं सांगितलं, फुलांचं सांगितलं, परिचारिकेला दोनच पर्याय दिसत होते तेही सांगितलं. बाई लिहून घेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "पुढच्या वेळी खरंच काही झालं तर? तुमचा दिवा लाल झाला तरी कोणी धावत येणार नाही."

"तोवर आम्ही पोचलेले असू," शाल्मली म्हणाली.

बाई गेल्यावर ओजसने ताईला फोन करायला गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसली आणि तळहात फरशीवरून फिरवू लागली. सोफ्याखाली बोटांना एक चुरमुरा लागला, बोरनहाणातला, दगडासारखा कडक झालेला. वल्ली पाटावर बसून हत्ती मागत होती. हत्ती टेबलावर होता, एका डोळ्याचा.

अण्णा उठले. पंचा त्यांच्या खांद्यावर होता. तो तसाच राहू देऊन त्यांनी हत्ती उघड्या हाताने उचलला. छतावरच्या आवाजाने त्यांचं नाव घेतलं. अण्णांनी अंगठा आणि तर्जनीत हत्तीचा उरलेला डोळा धरला आणि जोर लावून ओढला, एकदा, मग पीळ देऊन पुन्हा एकदा. डोळा हलला नाही. मग सोंड ओढली, दोन्ही कान ओढले.

"घे," ते नातीला म्हणाले.